कवड्या, गुंजा आणि लाकडी चेहरे

मालीमधल्या बमाना लोकांचा न्तोमो नावाचा एक लाकडी मुखवटा आहे. लांबट चेहरा, सरळ नाक, डोक्यावर फणीच्या दात्यांसारखी उभी शिंगं आणि तोंड म्हणाल तर नावापुरती एक खाच. काही मुखवट्यांना तीही नाही. पॅरिसच्या क्वे ब्रान्ली संग्रहालयात असा एक मुखवटा पाहताना मला आधी चेहरा दिसलाच नाही. दिसल्या त्या कवड्या आणि गुंजा. कपाळ, गाल, नाक सगळं कवड्यांनी आणि लालभडक, काळ्या डोळ्याच्या गुंजांनी मढवलेलं. शेजारी उभी असलेली माझी मुलगी म्हणाली, "बाबा, हे मणी कसले?" म्हटलं, "मणी नव्हेत, गुंजा. तुझ्या पणजीच्या पाटल्या ह्याच मोजून घडवलेल्या."

उभी हयात बँकेत काढलेल्या माणसाला गुंज ओळखायला वेळ लागत नाही. सोनेतारण कर्जाला दागिने येत तेव्हा मूल्यांकन करणारे सराफ ग्रॅमचा काटा वापरत, पावतीही ग्रॅमचीच होई. पण कर्जदार म्हातारीला समजावून सांगायची वेळ आली की ते आपसूक गुंजांवर येत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. गंमत अशी, की आज ज्याला घाना म्हणतात तिथले अकान लोकही सोन्याची भुकटी तोलताना अगदी लहान वजनांसाठी बियाच धरत. मोठ्या वजनांसाठी त्यांनी पितळी वजनं ओतली, आणि तिथे मात्र ते आपल्या सराफांच्या पुष्कळ पुढे गेले. कुठे मासा, कुठे साप, कुठे मान मागे वळवून पाहणारा पक्षी, आणि पुष्कळ वजनांमागे एकेक म्हण. व्यवहार चालू असताना तराजूच्या पारड्यातून शहाणपणाचे बोल ऐकवणारी ही सराफी इंग्रजांनी १८८९ मध्ये सोन्याच्या भुकटीचं चलन रद्द केलं तेव्हा बसली.

कवडीची कहाणी तर त्याहून लांबची. पश्चिम आफ्रिकेच्या बाजारांत शतकानुशतकं चलन म्हणून चाललेल्या कवड्या तिथल्या किनाऱ्यावर सापडत नाहीत. त्या आल्या मालदीवमधून, म्हणजे आपल्याच समुद्रातून. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवमध्ये काझी होता, आणि पुढे मालीच्या राज्यात गेला तर तिथेही त्याला हाच शिंपला बाजारात फिरताना दिसला. नंतर पोर्तुगीज, डच, इंग्रज यांची जहाजं कवड्या तळाशी भरताड म्हणून भरून युरोपात नेत आणि तिथून गिनीच्या किनाऱ्यावर उतरवत. तिकडे त्यांनी कापड घेता येई, मीठ घेता येई, आणि माणसंही घेता येत. गुलामांच्या किमती कवड्यांत ठरत. आपण 'फुटकी कवडी देणार नाही' म्हणतो आणि भवानीच्या आराध्याच्या गळ्यात कवड्यांची माळ पाहून हात जोडतो. त्याच कवडीने समुद्रापलीकडे हा धंदाही केला आहे. एकोणिसाव्या शतकात झांजिबारच्या स्वस्त कवड्या व्यापाऱ्यांनी तिथे बेसुमार ओतल्या आणि त्या चलनाची पत घसरत घसरत मातीला मिळाली. नोटा छापून होणारी महागाई आम्ही परीक्षेपुरती वाचली होती. ही शिंपल्यांची महागाई.

तर अशा कवड्या न्तोमोच्या चेहऱ्यावर. न्तोमो ही मुलग्यांची, सुंता व्हायच्या आधीच्या वयाची संस्था. मुखवट्याच्या शिंगांची संख्याही उगाच नसते. तीन किंवा सहा असली तर पुरुष, चार किंवा आठ असली तर स्त्री, दोन, पाच, सात असली तर दोन्ही. आणि तोंड नसणं हा तर धडाच. जिभेला आवर घालायला शिकल्याशिवाय मुलगा मोठा होत नाही.

आपल्या भाषेत मुखवटा हा शब्द बहुधा लबाडीच्या अर्थाने येतो. मुखवटा चढवला, मुखवटा गळून पडला. माणूस त्याच्या मागे दडतो, असं आपण गृहीत धरतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक समाजांत गोष्ट वेगळी आहे. तिथे मुखवटा लपवायला नसतो, आणायला असतो. नदीतलं, रानातलं, पितरांकडचं कोणीतरी गावात यावं म्हणून तो असतो. आणि नुसतं लाकूड म्हणजे मुखवटा नव्हे. अंगभर लोंबणारा तंतूंचा किंवा कापडाचा पोषाख, ढोल, गाणं, नाचणाऱ्याची चाल, भोवतालची गर्दी, हे सगळं मिळून तो होतो. युरोपीय लोकांनी पोषाख बहुधा तिथेच टाकले आणि चेहरे तेवढे नेले. १९०७ साली पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात पिकासोने ते पाहिले आणि पुढे चित्रकलेत काय काय घडलं ती गोष्ट रसिकांनी इतकी ऐकली आहे की मी पुन्हा सांगत नाही. मला त्या गोष्टीत एकच खटकतं: तिच्यात आफ्रिकेतल्या एकाही सुताराचं नाव नाही.

नायजेरिया आणि बेनिन देशातल्या योरुबांचा गेलेडे घ्या. हा उत्सव आयांचा. म्हाताऱ्या बायकांच्या अंगी जी शक्ती असते तिला खूश ठेवण्यासाठी पुरुष बायकांचं रूप घेऊन नाचतात. हा मुखवटा तोंडावर बांधत नाहीत, टोपीसारखा डोक्यावर तिरका ठेवतात आणि तोंडावर जाळीदार कापड सोडतात. त्याच्या माथ्यावर सुतार काय वाटेल ते कोरतो: साप, पक्षी, शिलाई मशीन, मोटारसायकल, विमानसुद्धा. आदल्या रात्री गावातल्या लबाडांची, भांडखोरांची नाव घेऊन टर उडवली जाते. २००१ साली युनेस्कोने मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून गेलेडेचा गौरव केला. संग्रहालयात मात्र तो खिळ्यावर सरळ उभा टांगलेला असतो. ज्या कोनातून तो बघायचा त्या कोनातून तिथे कोणालाच बघता येत नाही.

पण मला सर्वांत जवळचा वाटला तो सिएरा लिओनमधल्या मेंडे लोकांचा सोवेई. आफ्रिकेत मुखवटे घालतात ते जवळजवळ सगळीकडे पुरुष. सोवेई हा त्याला ठळक अपवाद. सांडे नावाची बायकांची संस्था आहे, मुलींना वयात आणून त्यांना बाईपणाचे धडे देणारी. तिचा हा मुखवटा बायकाच घालतात. कोरतो मात्र पुरुष. हलक्या लाकडाचा एकसंध ओंडका आतून पोखरून शिरस्त्राण केल्यासारखा, डोकं पूर्ण आत जाईल असा. काळा कुळकुळीत, तेल लावून चकचकीत केलेला. कपाळ रुंद आणि उंच, त्याखाली सगळा चेहरा लहानसा गोळा होऊन बसलेला. डोळे खाली, ओठ मिटलेले. वर केसांची अशी काही वेणीफणी, की आमच्याकडच्या लग्नातल्या केशभूषाकारांनी टिपून घ्यावी. मानेला वळ्या. काहीजण म्हणतात त्या खात्यापित्या घरच्या सुदृढ बाईच्या वळ्या. काहीजण म्हणतात, देवता पाण्यातून वर येते तेव्हा भोवती उठणारी ती वलयं आहेत. मला दुसरं पटायला आवडतं, पण पहिलंही खोटं वाटत नाही.

सोवेई नाचते तेव्हा पायापर्यंत काळा तंतूंचा घोळ असतो, शरीराचा तसूभर भाग दिसत नाही. ती बोलत नाही. तिच्या वतीने सोबतची बाई बोलते. आणि तिच्या मागोमाग कधी कधी येते गोंडे. गोंडे म्हणजे विदूषकी. तिचा मुखवटा म्हणजे बहुधा जुना, किडलेला, टाकून दिलेला सोवेईच, अंगावर चिंध्या आणि भंगार लोंबतंय. सोवेईच्या एकेका डौलाची ती नक्कल करते, लोकांकडे पैसे मागते, लोटपोट हसवते. सौंदर्याच्या देवतेपाठोपाठ तिची चेष्टा करणारी बाईच पाठवायची, आणि तीही त्याच संस्थेतली, याला मी मोठी सुसंस्कृत गोष्ट म्हणतो. कादंबरी लिहिताना हे जमलं तर पाहिजेच असतं.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर अप्रामाणिकपणा होईल. सांडेच्या दीक्षेत मुलींची सुंता होते. त्यात मुली दगावतात, जन्मभराचं दुखणं घेऊन बसतात. त्याविरुद्ध सिएरा लिओनमधल्या बायकाच उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांच्यातल्या कित्येकींचं म्हणणं असं की दीक्षा राहू दे, नाच राहू दे, मुखवटा राहू दे, पण शस्त्र नको. अशा रक्ताविना दीक्षा काही ठिकाणी झाल्याही आहेत. काचेच्या कपाटासमोर उभं राहून 'किती सुंदर' म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांपेक्षा त्या बायकांना त्या मुखवट्याची किंमत जास्त कळते, एवढंच माझं मत.

किंमतीचा विषय निघालाच आहे तर दहा फ्रँकांची गोष्ट सांगतो. १९३१ साली मार्सेल ग्रिओल या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने डाकारहून जिबूतीपर्यंत आफ्रिका आडवी ओलांडणारी मोहीम काढली. सरकारी आशीर्वाद होता. मोहिमेचा चिटणीस मिशेल लेरिस हा कवी. तो रोजनिशी लिहीत होता. सप्टेंबरात ही मंडळी आजच्या मालीतल्या केमेनी गावात पोचली. तिथे कोनो नावाच्या गुप्त संस्थेचं देऊळ होतं, आणि आत बोली. बोली म्हणजे मूर्ती नव्हे, मुखवटाही नव्हे. माती, झाडपाला, कापड यांचा एखाद्या जनावरासारखा दिसणारा गोळा, ज्यावर वर्षानुवर्षं बळींचं रक्त आणि धान्य चढत जाऊन पुटं धरतात. त्यातली शक्ती अशी साठत जाते. एका पिढीने ठेवलेल्या ठेवीत पुढच्या पिढीने भर घालावी, तसं. ती कोणा एकाची नाही, आणि मोडता तर मुळीच येत नाही.

गावकऱ्यांनी आधी बळी द्या म्हणून टाळाटाळ केली. तेव्हा ग्रिओलने निरोप धाडला: दहा फ्रँक घ्या आणि कोनो द्या, नाहीतर ट्रकमध्ये पोलीस लपले आहेत, ते मुखियाला आणि पंचांना धरून सान गावी सरकारपुढे उभं करतील. ट्रकमध्ये पोलीस नव्हते. मुखिया म्हणाला, तुम्हीच न्या. आमच्यातला कोणी हात लावणार नाही. त्यांनी तो ताडपत्रीत गुंडाळून नेला, आणि गावातले लोक भीतीने दूर पळाले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावातून आणखी एक बोली उचलला. तान्ह्या डुकराएवढा, पंधराएक किलोचा. हे सगळं लेरिसने रोजनिशीत नोंदवलं आणि १९३४ मध्ये छापलंही, त्यामुळे ग्रिओल त्याच्यावर नाराज झाला. मोहिमेने साडेतीन हजारांवर वस्तू पॅरिसला आणल्या.

लेरिसच्या प्रामाणिकपणाचं कौतुक फार होतं. लेखक म्हणून मलाही ते पान वाचताना त्याच्या धैर्याचा हेवा वाटला. पण माझ्यातला बँकवाला विचारतो, की नोंद चोख झाली, पुढे काय? चोरीची नोंद नीट ठेवली म्हणून वस्तू मालकाला परत जात नाही. २०२५ मध्ये क्वे ब्रान्लीने याच मोहिमेची उलटतपासणी करणारं प्रदर्शन भरवलं आणि आफ्रिकी संशोधकांना सोबत घेतलं, हे चांगलंच झालं. चौऱ्याण्णव वर्षं लागली.

केमेनीत निदान दहा फ्रँकांचा देखावा तरी झाला. बेनिनमध्ये तोही नाही. हे बेनिन म्हणजे आजच्या नायजेरियातलं जुनं राज्य. बेनिन नावाचा देश वेगळा. ब्रिटिश म्युझियमच्या तळघरातल्या आफ्रिका दालनात तिथला एक हस्तिदंती मुखवटा आहे, जेमतेम वीतभर उंचीचा. सोळाव्या शतकातल्या ओबा एसिगीची आई, राजमाता इडिया, हिचा हा चेहरा. राजा तो कमरेला लावत असे. कपाळावर दोन उभ्या खाचा, त्यात लोखंड बसवलेलं. आणि माथ्यावर मुकुटासारखी लहान लहान डोक्यांची रांग: लांब केसांचे, दाढीवाले पुरुष. ते पोर्तुगीज आहेत! आपल्याकडे १५१० मध्ये गोवा घेऊन ते तटबुरूज बांधत होते त्याच काळात बेनिनचा कारागीर त्यांच्या दाढ्या हस्तिदंतात कोरत होता. ते समुद्रातून आले, समुद्र हे ओलोकुन देवाचं राज्य, आणि त्यांनी पितळेची कडी आणली. म्हणून राजमातेच्या डोक्यावर त्यांना जागा. ही कडी वितळवून बेनिनच्या ओतारांनी मेणाच्या साच्यातून ते जगप्रसिद्ध पत्रे आणि मस्तकं ओतली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यातलं बरंचसं पितळ जर्मनीतल्या ऱ्हाइनलँडमधलं होतं.

जानेवारी १८९७ मध्ये, येऊ नका असा निरोप असतानाही, फिलिप्स नावाचा ब्रिटिश अधिकारी माणसं घेऊन बेनिनकडे निघाला. वाटेत हल्ला झाला आणि तो, त्याचे बहुतेक गोरे सोबती आणि पुष्कळ आफ्रिकी हमाल मारले गेले. फेब्रुवारीत ब्रिटिश आरमाराने बाराएकशे सैनिक उतरवले, शहर घेतलं, ते जळालं. ओबा ओवोनराम्वेनला कलाबारला हद्दपार केलं. तिथेच १९१४ मध्ये तो वारला. राजवाड्यातल्या हजारो वस्तू उचलल्या गेल्या. काही अधिकाऱ्यांनी वाटून घेतल्या, बाकीच्या मोहिमेचा खर्च निघावा म्हणून विकल्या. वसुलीच्या नोटिसा मीही पुष्कळ काढल्या आहेत, जप्तीच्या वेळी लोकांच्या दारात उभाही राहिलो आहे. पण ज्याचं घर जाळलं त्याच्याच भांड्याकुंड्यांतून काडेपेटीचा खर्च वसूल करायचा, हे आमच्या कुठल्याही परिपत्रकात बसलं नसतं.

इडियाचा मुखवटा राल्फ मूर या अधिकाऱ्याकडे गेला आणि १९१० मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आला. त्याचाच जोडीदार न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आहे. १९७७ मध्ये लागोसला आफ्रिकी कलांचा मोठा महोत्सव भरला, त्याचं बोधचिन्ह हाच चेहरा होता. नायजेरियाने तो तेवढ्यापुरता मागितला. फार नाजूक आहे म्हणून मिळाला नाही. मग बेनिनच्याच कारागिराकडून नवा कोरून घेतला. २०१० च्या डिसेंबरात सदबीजने अशाच आणखी एका मुखवट्याचा लिलाव जाहीर केला, अंदाजे किंमत ३५ ते ४५ लाख पौंड. एवढा गहजब झाला की काही दिवसांतच लिलाव मागे घ्यावा लागला.

या बाजाराचं शास्त्र मला कळत नाही, असं म्हणण्यापेक्षा फार चांगलं कळतं असं म्हणतो. गॅबॉन हा मध्य आफ्रिकेतला देश, म्हणजे आपल्या विषयाच्या कुंपणाबाहेरचा, पण किस्सा सोडवत नाही. फ्रान्समधल्या एका वृद्ध जोडप्याने घर आवरताना माळ्यावरचा फांग मुखवटा १५० युरोंना जुन्या बाजारवाल्याला विकला. मार्च २०२२ मध्ये मॉन्पेलिएच्या लिलावात त्याला ४२ लाख युरो आले. जोडपं कोर्टात गेलं. गॅबॉन सरकारही आलं, म्हणालं की वस्तू मुळात आमची. डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टाने दोघांनाही परत पाठवलं. जोडप्याने मूल्यांकन करून घ्यायला हवं होतं, असं कोर्टाचं म्हणणं. तो मुखवटा त्यांच्या घरात वसाहतीत अधिकारी असलेल्या आजोबांकडून आला होता. आजोबांनी काय दिलं होतं, हा प्रश्न निकालाला लागला नाही.

आता वस्तू परत जाऊ लागल्या आहेत. १८९२ मध्ये जनरल दॉद्सने आबोमेच्या राजवाड्यातून नेलेल्या २६ वस्तू फ्रान्सने २०२१ मध्ये बेनिन देशाला दिल्या. जर्मनीने २०२२ मध्ये हजारभर बेनिनी ब्राँझची मालकी नायजेरियाच्या नावे केली, म्हणजे ऱ्हाइनलँडचं पितळ फिरून फिरून दुसऱ्यांदा आफ्रिकेला निघालं. २०२५ मध्ये नेदरलँड्सने ११९ वस्तू पाठवल्या. तिकडेही सगळं गोडीगुलाबीने चाललंय असं नाही. मार्च २०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी या वस्तूंचे मालक ओबा, असं जाहीर केलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये बेनिन सिटीतल्या नव्या कोऱ्या संग्रहालयाच्या कार्यक्रमात निदर्शक घुसल्याने उद्घाटन लांबणीवर पडलं. वाडवडिलांची इस्टेट परत मिळाली की भाऊबंदकीही तिच्यासोबत येते, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. म्हणून इस्टेट सावकाराकडेच राहू द्यावी, असं मात्र कोणी म्हणत नाही.

ब्रिटिश म्युझियमला १९६३ च्या कायद्याने वस्तू देऊन टाकता येत नाहीत. त्यामुळे लंडनने वेगळी वाट काढली. १८७४ मध्ये इंग्रजांनी आसान्ते राज्याची राजधानी कुमासी लुटली, तिथलं सोनं लंडनला जवाहिऱ्याच्या दुकानात विकलं गेलं. त्यातल्या आणि नंतर गेलेल्या मिळून ३२ वस्तू ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांनी २०२४ मध्ये कुमासीच्या मान्हिया राजवाड्यातल्या संग्रहालयाकडे पाठवल्या. तीन वर्षांच्या उसनवारीवर. याच वर्षी फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या फाउलर म्युझियमने त्याच राजवाड्याला सात वस्तू कायमच्या देऊन टाकल्या होत्या, काही अट न घालता.

आणि याच २०२४ च्या जुलैत, याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून, तीन वर्षांच्याच बोलीवर वाघनखं साताऱ्याला आली. रांगा लावून लोकांनी पाहिली. ती महाराजांचीच का, यावर वाद झाले; म्युझियमनेही तशी खात्री दिली नाही. कुमासीला असा वाद नाही. तिथल्या तबकड्या कुणाच्या, हे लुटणाऱ्यांनीच लिहून ठेवलं आहे. राजाच्या आत्म्याची शुद्धी करणारे सेवक त्या सोन्याच्या तबकड्या गळ्यात घालत. सध्या त्या राजवाड्याच्या आवारात, काचेच्या पेटीत आहेत. मुदत २०२७ मध्ये भरते, आणखी तीन वर्षं वाढवून मागायची सोय करारात आहे. कर्जदाराच्या रकान्यात नाव आसान्तेंच्या राजाचं.